काळे तेल आणि अमानत
रविवारी आम्ही अंगणातच मोटारसायकलचे ऑइल आणि फिल्टर बदलतो. मेकॅनिकचे पैसे वाचतात. उरते ते लिटरभर काळे तेल. आजवर ते कुंपणाकडेला ओतत आलो. परंतु रत्नागिरीचा जांभा सच्छिद्र. पावसाचे पाणी त्यातूनच मुरून विहिरीत उतरते. तेलालाही तीच वाट. २०१६च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचरा आहे. पण अंगणात बघायला कोण येतो? वर्गात 'अमानत' हा शब्द शिकवताना आम्ही सांगतो, दुसऱ्याची ठेव जशीच्या तशी राखावी. मग शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी ही कोणाची अमानत? पैसे आमचे वाचले आणि घाण त्याच्या वाट्याला, याला काटकसर म्हणता येत नाही. आता फिल्टर निथळवून, तेल डब्यात भरून, ते जमा करणाऱ्या गॅरेजात देतो. आधी ओतले त्याचे काय, याचे उत्तर मात्र आमच्याकडे नाही.