गुरू कुणाच्या बाजूचा?

२४ ऑगस्ट २०१८. जकार्तातल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला कबड्डीचा अंतिम सामना संपला तेव्हा फलकावर इराण २७, भारत २४ असे आकडे होते. महिलांची कबड्डी या स्पर्धेत आली २०१० साली, आणि तेव्हापासून हे सुवर्ण भारताच्या हातून सुटलेलं नव्हतं. आदल्याच दिवशी पुरुषांच्या संघालाही इराणनेच उपांत्य फेरीत गारद केलं होतं. पण महिलांच्या पराभवात एक जास्तीचा काटा होता. हिजाब घालून पकडी करणाऱ्या त्या इराणी पोरींच्या मुख्य प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

एके काळच्या कबड्डी खेळाडू, नंतर वर्षानुवर्षं नाशकात मुलींना घडवलेल्या. शाकाहारी बाई, परका देश, परकी भाषा. त्या फारसी शिकल्या, मुलींच्या सरावात योगासनं आणि प्राणायाम आणले. आयता चमत्कार केला असं मात्र म्हणता येणार नाही. इराण २०१४ च्या अंतिम सामन्यातही होता आणि भारताकडून ३१-२१ असा हरला होता. तयार मातीवर त्यांनी काम केलं. जिंकल्यावर बातम्यांत कौतुक झालंच, पण त्याच्या आडून एक जुनाच प्रश्न डोकावत होता. आपली विद्या परक्याला देऊन त्याच्याकडून आपल्याच लोकांना हरवणं, हा धर्म की द्रोह?

या प्रश्नावर आपल्या पुराणांचं उत्तर एकमुखी नाही. द्रोणाचार्यांचंच बघा. अर्जुनाला दिलेल्या शब्दापायी त्यांनी निषादपुत्र एकलव्याचा अंगठा मागितला. विद्येवर मालकी सांगण्याची ती परिसीमा. आणि याच द्रोणांनी धृष्टद्युम्नाला अस्त्रविद्या शिकवली. द्रुपदाने यज्ञातून मिळवलेला तो मुलगा जन्मलाच होता मुळी द्रोणांना मारण्यासाठी. हे ठाऊक असूनही शिकवली, आणि पुढे कुरुक्षेत्रावर त्याच्याच हातून त्यांचं मस्तक उतरलं. एकाच माणसाच्या या दोन कथा. क्रीडा प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय पुरस्काराला १९८५ पासून द्रोणाचार्यांचं नाव आहे. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते. नाव देताना यातले कोणते द्रोण डोळ्यांपुढे होते, हा प्रश्न कुणी फारसा काढत नाही.

दुसरी कथा कचाची. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’मुळे ती मराठी रंगभूमीवर १९१३ पासून नांदते आहे. देवांच्या गुरूचा मुलगा संजीवनी शिकायला थेट दैत्यगुरूच्या दारात येतो आणि शुक्राचार्य त्याला ठेवून घेतात. चिडलेले दैत्य त्याला पुन्हा पुन्हा मारतात. शेवटी तर त्याची राख मद्यातून गुरूच्याच पोटात जाते, आणि मग संजीवनी शिकवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शुक्राचार्यांचं दान निर्भेळ नव्हतं. त्यात मुलीची माया होती, नाइलाज होता, स्वतःच्या जिवाचा प्रश्नही होता. विद्या मात्र खरी ठरली.

हे इथे आठवण्याचं कारण आहे. भारतीय संघाची धुरा आपल्याकडे आली नाही ही शैलजाबाईंची खंत होती, आणि आपणच उत्तम प्रशिक्षक आहोत हे सिद्ध करायचं होतं, असं त्यांनी जिंकल्यावर मोकळेपणाने सांगितलं. गीतेच्या निष्काम कर्माच्या मापात हे बसत नाही, कुणी कितीही ओढाताण केली तरी. फळावर डोळा होता. पण निष्काम असेल तरच कर्म स्वधर्म, अशी अट घातली तर जगातली बहुतेक चांगली कामं बाद होतील. दुखावलेल्या मनाने शिकवलेली पकड ढिली पडते असं कुठे दिसलं नाही.

लातूर जिल्ह्याला खरं तर या कोड्याचा चांगला सराव असायला हवा. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते स्वतः वस्ताद झाले. त्यांचे पठ्ठे काका पवार हेही लातूर जिल्ह्यातलेच. आज पुण्यात त्यांची तालीम आहे. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. दोघेही काकांचेच पठ्ठे. एकाच छपराखाली झोपणारे, एकाच मातीत घाम गाळणारे. हर्षवर्धन ३-२ ने जिंकला आणि हरलेल्या शैलेशला त्याने खांद्यावर उचलून आखाड्यात फिरवलं.

म्हणजे लातूरच्या वस्तादाच्या नाशिककर चेल्याने लातूरच्या चेल्याला पाडलं. काका पवारांनी गावाशी बेइमानी केली असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. म्हणणाराच वेड्यात निघाला असता. मग नाशिकची बाई इराणला शिकवते तेव्हा आपला काटा वेगळीकडे का झुकतो? जिल्ह्याच्या सीमेवर जे हसण्यावारी जातं ते देशाच्या सीमेवर एकदम गंभीर का होतं?

एक उत्तर असं की देश ही मोठी निष्ठा, जिल्हा लहान. ते खोटं नाही. लष्करातला अधिकारी शत्रूला डावपेच शिकवू लागला तर त्याला कोणी गुरुधर्माचं नाव देणार नाही. पण युद्ध आणि खेळ यांत एक मुळातला फरक आहे, आणि महाभारताचे दाखले देताना आपण तो विसरतो. युद्धात समोरचा संपावा अशी इच्छा असते. खेळात समोरचा संपला तर खेळच संपतो. कबड्डी १९९० मध्ये बीजिंगला आशियाई स्पर्धेत आली, आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णं भारताने घेतली. अभिमानाची गोष्ट, जरा कंटाळवाणीही. एकाच देशाने जिंकायचा खेळ जगाच्या स्पर्धांत किती दिवस तग धरणार? तोडीचा प्रतिस्पर्धी घडवणं हे त्या खेळाच्या विद्येचंच काम. ते करणाऱ्याचा स्वधर्म खेळापुरता तरी शाबूत आहे, आणि कुठल्याही संघाची गुपितं फोडून केलेलं नसेल तर द्रोह म्हणायला जागाच राहत नाही.

गुरुपदावर मालकी कुणाची, याचं धर्माच्या अंगाने दिलेलं सर्वांत धीट उत्तर नांदेडकरांच्या रोजच्या वाटेवर आहे. गुरू गोविंदसिंगजींनी १६९९ मध्ये आनंदपूरला पंच प्यारे निवडले, त्यांना अमृत दिलं आणि लगेच त्यांच्यापुढे उभं राहून त्यांच्याच हातून अमृत घेतलं. त्या पाचांपैकी साहिबसिंग हे बिदरचे, म्हणजे लातूर-नांदेडच्या शेजारचेच. पुढे १७०८ मध्ये गोदाकाठी नांदेडला, देह ठेवण्यापूर्वी, त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथाला दिलं. ज्या पदाला वारस नेमता आला असता ते पद कुणा व्यक्तीच्या हाती ठेवलंच नाही. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात माथा टेकायला येणाऱ्यांत सगळे काही या अर्थाने येत नसतील. तरी शिष्यासमोर गुरूने हात पसरणं ही कल्पना अंगठा मागण्याच्या नेमकी उलट टोकाची आहे, आणि ती या मुलखात तीनशे वर्षं मुक्कामाला आहे.

खेळाचं मैदान आणि हुजूर साहिबचं तख्त एका तागडीत घालू नयेत, हे खरं. प्रशिक्षकाला पगार असतो, करार असतो, मुदत असते. चेली हरली की प्रशिक्षकाची नोकरी जाऊ शकते. म्हणून प्रशिक्षकाकडून संताची अपेक्षा करण्यापेक्षा, त्याची निवड करणाऱ्यांना दोन प्रश्न विचारणं न्यायाचं. आपल्याकडे असलेली विद्या आपण वापरली का? आणि नसेल तर ती बाहेर गेल्यावर तक्रार कसली?

जकार्तानंतरची स्पर्धा हांगझोऊला झाली. ७ ऑक्टोबर २०२३ ला भारताच्या मुलींनी सुवर्ण परत आणलं, पण समोर इराण नव्हता. इराणला उपांत्य फेरीत चायनीज तैपेईने घरी बसवलं होतं. साखळीत तैपेईने भारताला ३४-३४ असं बरोबरीत रोखलं होतं. अंतिम सामना भारताने जिंकला तो २६-२५ असा, एका गुणाने.