संगोपन आजोळी, जबाबदारी पित्याची



आईचा इंतिकाल होतो किंवा आईवडिलांचा तलाक होतो आणि लहानगे मूल आजोळी जाते. नानी किंवा खाला त्याला पोटच्या लेकराप्रमाणे सांभाळतात. काही महिने पिता पैसे पाठवितो. पुढे ते कमी होतात, मग थांबतात. विचारले तर उत्तर मिळते, “त्यांनी मूल स्वखुशीने नेले आहे.” या उत्तराला शरीअतमध्ये आधार आहे काय?

शरीअतने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. मुलाची देखभाल म्हणजे हिजानत आणि त्याचा निर्वाहखर्च म्हणजे नफका. हिजरी सन 7 मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) उमरा करून मक्केहून निघाले, तेव्हा उहुदमध्ये शहीद झालेल्या हजरत हमजा (रजि.) यांची मुलगी त्यांच्यामागे आली. हजरत अली, हजरत जैद आणि हजरत जाफर (रजि.) या तिघांनीही तिच्या संगोपनाचा हक्क सांगितला. प्रेषितांनी (स.) तिला हजरत जाफर यांच्या घरी दिले, कारण त्यांची पत्नी तिची खाला होती आणि खालेचा दर्जा आईसारखा आहे. हा निर्णय देखभालीचा होता. खर्चाची जबाबदारी कुरआनने स्वतंत्रपणे सांगितली आहे.

सूरह अल्-बकराच्या आयत 233 मध्ये दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर ठेवला आहे. त्याच्या पश्चात वारसावरही तशीच जबाबदारी आहे. सूरह अत्-तलाकच्या आयत 6 मध्ये तलाकशुदा मातेला दूध पाजण्याचा मोबदला देण्याचा आदेश आहे. जन्मदात्या आईचे कष्टही जेथे गृहीत धरलेले नाहीत, तेथे वृद्ध नानीवर भार टाकून पिता मोकळा कसा होईल? मुलाची स्वतःची मालमत्ता नसेल तर त्याचे अन्न, वस्त्र, औषधोपचार आणि शिक्षण यांचा खर्च पित्याकडेच राहतो, मूल कोणाच्याही छताखाली असो.

त्याच सूरहच्या आयत 7 नुसार प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे खर्च करावयाचा आहे. म्हणून मजुरी करणाऱ्या पित्याकडे श्रीमंताइतकी रक्कम मागू नये. परंतु थोडी कमाई असणे वेगळे आणि हात आखडता घेणे वेगळे. ज्यांचे पोषण आपल्यावर आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे, एवढे एकच पाप माणसाला पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस आहे.

आजोळच्या माणसांनी मोकळ्या मनाने खर्च स्वीकारला तर तो त्यांचा उपकार आहे आणि त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे. मात्र संकोचाने गप्प राहिलेल्या नानीचे मौन म्हणजे माफी नव्हे. पित्याने स्वतः जाऊन विचारावे, रक्कम ठरवावी आणि ती दरमहा न मागता पोहोचवावी. मागावे लागले की नानीची मान खाली जाते, आणि ते पाहणारे मूल आपण कोणावर तरी ओझे आहोत असे समजू लागते.

अल्लाह आपणा सर्वांना आपल्या लेकरांचे हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.