न दिसणाऱ्या मेहनतीचा हक्क

इस्लामने कमाईकडे केवळ आर्थिक व्यवहार म्हणून पाहिलेले नाही. पोटात जाणारा घास हलाल असावा, ही दुआ कबूल होण्याचीही अट आहे. त्यामुळे घरात नवे यंत्र आले की त्याच्यामागून हलाल-हरामचा एखादा नवा प्रश्नही येतो. हातात धरून खेळावयाच्या गेम कन्सोलने असाच एक प्रश्न आणला आहे. या यंत्रात एक लहानशी चिप सोल्डरिंग करून बसवली की विकत न घेतलेले खेळही त्यावर चालू लागतात. ही चिप बसवून घेणे आणि दुसऱ्याला बसवून देणे, हे शरीअतच्या दृष्टीने कसे आहे?

बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव येथे मोबाइल दुरुस्तीवर पोट भरणारे आपले तरुण आहेत. हे काम त्यांच्या हाताबाहेरचे नाही. म्हणून हा प्रश्न दूरच्या शहरांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. निन्टेंडो कंपनीचे स्विच हे कन्सोल मार्च २०१७ मध्ये बाजारात आले. २०१८ मध्ये त्याच्या प्रोसेसरमधील एक दोष उघड झाला. त्यामुळे कोणतीही चिप न बसवता त्याचे कुलूप उघडता येत असे. कंपनीने पुढील यंत्रांत तो दोष दूर केला, तेव्हा चिपचा मार्ग पुढे आला. यंत्र सुरू होताना प्रोसेसर प्रोग्रामवरील कंपनीची डिजिटल सही तपासतो. चिप नेमक्या त्या क्षणी त्याचा वीजपुरवठा निमिषमात्र खाली ओढते, तपासणी चुकते आणि सही नसलेला प्रोग्राम आत शिरतो. पहारेकऱ्याला क्षणभर भोवळ आणून उंबरठा ओलांडावा, तसा हा प्रकार आहे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. पैसे मोजून घेतलेले यंत्र घेणाऱ्याची मिल्कियत आहे. ते उघडावे, दुरुस्त करावे, त्यावर स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवावा, यात मुळात गुन्हा नाही. कारण मनाईचा पुरावा नसेल तर वस्तूंबाबत मूळ हुकूम परवानगीचाच असतो. परंतु खेळ हा यंत्राचा भाग नव्हे. तो वेगळ्या माणसांनी वेगळ्या मेहनतीने घडविलेला असतो. यंत्राची किंमत दिली म्हणून त्या मेहनतीची किंमत चुकती होत नाही.

यावर कोणी म्हणेल, ज्या वस्तूला वजन नाही, आकार नाही, जी नक्कल केल्याने मूळ मालकाकडून कमी होत नाही, तिची चोरी कशी होईल? हा आक्षेप पोरकट नाही. जुन्या हनफी फिक्हमध्ये माल म्हणजे साठवता येणारी, डोळ्यांना दिसणारी वस्तू, अशीच मुख्य धारणा होती. त्यामुळे लेखनाच्या हक्काला माल मानावे की नाही, याविषयी उलेमांत मतभेद राहिले. मात्र डिसेंबर १९८८ मध्ये कुवैत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या पाचव्या अधिवेशनाने लेखन, शोध व व्यापारचिन्ह यांचे हक्क शरीअतमध्ये संरक्षित असून त्यांवर अतिक्रमण करता येणार नाही, असा ठराव केला.

बीडच्या माणसाला हा ठराव समजण्यासाठी मोठ्या ग्रंथांची गरज नाही. या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोड मजूर मोठ्या संख्येने घरदार सोडून कारखान्यांच्या फडांवर जातात. त्यांची मजुरी टनावर ठरते. वजनकाट्यावर काटामारी झाली तर मजुराच्या खिशातून कोणी नोट काढून घेत नाही, त्याचा कोयताही त्याच्याच हातात राहतो. तरीही त्याचा घाम लुटला गेला, हे आपण छातीठोकपणे म्हणतो, आणि ते खरेच आहे. सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी माप कमी देणाऱ्यांना दिलेला कठोर इशारा आपल्याला ठाऊक आहे. मग जो घाम पडद्याआड गाळला गेला त्याच्या बाबतीत आपला काटा वेगळा कसा असू शकेल?

कंपनी धनाढ्य आहे, तिचे काय बिघडते, अशी पळवाट अनेकजण शोधतात. सूरह निसाच्या १३५व्या आयतीत न्यायाच्या बाबतीत श्रीमंत आणि गरीब असा भेद करण्यास वाव ठेवलेला नाही. कंपनी मुस्लिमांची नाही, ही सबब तर त्याहून दुबळी आहे. हिजरतच्या रात्री मक्केचे लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवावर उठले होते. त्याच लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी प्रेषितांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. ज्यांचा आदर्श हा आहे, त्यांच्या अमानतीला धर्माची किंवा श्रीमंतीची सीमा असू शकत नाही.

आता दुकानदाराचा प्रश्न. चिप बसविणारा म्हणतो, मी फक्त मजुरी घेतली, पुढचे पाप त्याचे. दारू गाळणाऱ्याला द्राक्षरस विकावा काय, या जुन्या मसल्यात इमाम अबू हनीफा यांनी विक्री वैध मानली. पण इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद यांनी ती नापसंत ठरविली. मतभेद असला तरी हेतू उघडपणे माहीत असताना सावध राहणेच तकव्याला शोभते. पापाच्या कामात सहकार्य करू नये, हा तर कुरआनचाच आदेश आहे. आणखी एक गोष्ट: चिप बसविलेले कन्सोल ती बाब लपवून विकणे हा उघड धोका आहे. कंपनीने ते यंत्र आपल्या ऑनलाइन सेवेतून बंद केले, तर नुकसान बिचाऱ्या घेणाऱ्याचे होते.

देशाचा कायदाही येथे नियतीकडे पाहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. कायद्याने न रोखलेल्या कामासाठी मात्र सूट आहे. परंतु दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता व हेतू यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे. आपल्या कारागीर बंधूंसाठी ही नोंदवही उत्तम कसोटी आहे. ज्या कामाचा हेतू वहीत लिहिताना हात अडखळतो, ते काम नाकारावे.

माता-पित्यांनीही विचार करावा. फुकटचा खेळ मुलाच्या हाती देताना आपण त्याला केवळ करमणूक देत नाही, दुसऱ्याच्या श्रमाची किंमत किती समजावी हेही शिकवितो. खेळ परवडत नसेल तर एकच घ्यावा, जुना घ्यावा किंवा न घ्यावा. संयमानेही मूल घडते. अल्लाह आपल्या हातांना हलाल कमाई आणि मनांना दुसऱ्याच्या हक्काची जाणीव देवो. आमीन.