दोष कुणाचा

बरक्याच्या त्या गोठ्यात सगळा दोष उन्हावर टाकून मंडळी मोकळी झाली होती. ओमानमध्ये ते सोपंही असतं. बातिना किनाऱ्यावर जूनमध्ये पारा 45 अंशांना टेकतो आणि होल्स्टीन गायी तर मुळात थंड मुलखातल्या. त्या धापा टाकणार, दूध आटणार, गाभण राहणार नाहीत, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण जानेवारी आला, पहाटे शाल लागू लागली, तरी गायी उलटतच राहिल्या. रेतन करावं, तर तीन आठवड्यांनी गाय पुन्हा माजावर. काहींचा तर माजच कळेना.

गोठ्याच्या मालकानं, अरबाबनं, आधी रेतनाच्या कांड्या बदलल्या. मग पंखे वाढवले. शेवटी तीन गायी भाकड ठरवून खाटकाकडे धाडल्या. चौथीची दोरी सोडायला माणूस आला तेव्हा मात्र तात्या आडवे आले. तात्या सांगोल्याचे, उभा जन्म जनावरांत गेलेला.

"अरबाब, एकाच वेताची गाय आहे. डॉक्टरताईंना दाखवू, मग तुमची मर्जी."

डॉक्टरताई शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. त्या उजाडायच्या आतच आल्या. गायीचा ताप 40 अंशांच्या वर होता. मग त्यांनी तिचा कान मुठीत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. कान गार होता, शेपटीचा गोंडाही गार. पाठीवरचे केस लांब आणि राठ.

"तात्या, हे केस उन्हाळ्यात झडले नव्हते?"

"न्हाई ताई. समद्यांचेच तसेच राहिले. धुऊन काढलं तरी चकाकी नाही."

"वैरण कुठली घालता?"

आधी इथलंच ऱ्होड्स गवत होतं. पण किनाऱ्यालगतच्या विहिरींत समुद्राचं पाणी शिरत गेलं, शेतं खारावली आणि अरबाब जहाजातून येणारा पेंढा घेऊ लागला. ते गठ्ठे त्यानं स्वतः निवडले होते. तो अभिमानानं ताईंना तिकडे घेऊन गेला. पेंढा स्वच्छ, हिरवट, कुठे काळा ठिपका नाही की कुबट वास नाही. त्यात कुणाला दोष दिसावा तरी कसा? ताईंनी मूठभर पेंढा पिशवीत भरला आणि तपासायला पाठवला.

अहवाल आला. पेंढा टॉल फेस्क्यू या गवताचा होता आणि त्यात एर्गोव्हॅलिन हे विष निघालं. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये या गवताचं बी काढतात आणि उरलेला पेंढा जहाजांनी आशियात येतो. एर्गोव्हॅलिन तयार करणारी बुरशी गवताच्या आत, पेशींच्या फटीत राहते. बाहेरून काहीच दिसत नाही. उलट तिच्यामुळेच गवत दुष्काळात तगतं, त्याला कीड लागत नाही. जे गवत सर्वांत टवटवीत, त्याच्याच पोटात ती असायची शक्यता जास्त.

"रक्तवाहिन्या आवळतात," ताई अरबाबला सांगत होत्या. "रक्त कातडीपर्यंत पोचत नाही, म्हणून कान गार. आतली उष्णता बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ताप. उन्हात तर हाल विचारूच नका. गर्भाशयाला, बीजांडालाही रक्त कमी पडतं. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक उतरतं, म्हणून दूध घटतं आणि केसही झडत नाहीत. ऊन सगळ्यांनाच लागतं अरबाब, पण या गायींची ते सोसायची ताकदच या चाऱ्यानं काढून घेतली होती."

अरबाब खाली बघत म्हणाला, "आणि मी त्या तिघींना..."

त्यावर कुणी बोललं नाही. खरं तर हा गुन्हा त्याच्या एकट्याचा नव्हता. अमेरिकेत याच गवताचं केंटकी-31 हे वाण 1943 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलं आणि कोट्यवधी एकरांत पसरलं. गायी लंगडायच्या, खूर सडायचे, वेतं चुकायची. बुरशीकडे बोट जायला 1977 साल उजाडलं. तोवर किती मुक्या जनावरांवर वांझपणाचा शिक्का बसला असेल! पुढे बुरशी काढलेलं बियाणं आणलं, तर ते गवत दुष्काळात टिकेना. शेवटी विष न करणारी बुरशीच शोधून गवतात घालावी लागली.

पेंढा बंद झाला. ताईंनी आधीच बजावलं होतं, आवळलेल्या वाहिन्या सैल व्हायला पाच-सहा आठवडे लागतील, घाई नको. तात्या रोज पहाटे कान चाचपायचे. मार्चमध्ये ती गाय ठणठणीत माजावर आली आणि त्या रेतनाला ठरली.

उरलेले गठ्ठे छपराखाली तसेच होते. एक दिवस शेजारच्या वाडीचा मालक आला. वैरणीची टंचाई होती, तो पूर्ण किंमत मोजायला तयार होता. तात्या अरबाबच्या तोंडाकडे बघत राहिले. पैसा लहान नव्हता.

अरबाबनं त्याला आधी बसवलं, कॉफी दिली आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. गार कान, लांब केस, खाटकाकडे गेलेल्या तीन गायी, काहीच लपवलं नाही. "हे मी तुला फुकटही देणार नाही," तो म्हणाला.

शेजाऱ्यानं पेला खाली ठेवला. त्याच्याही गोठ्यात गेल्या वर्षापासून जहाजाचाच पेंढा होता आणि पाच गायी गाभण राहत नव्हत्या. त्यांचा सौदा उद्या सकाळी ठरला होता.

"तुमच्या डॉक्टरीणबाई आज येतील का?" त्यानं विचारलं.