संकल्पी हिंसा आणि सोडून दिलेला मासा

एखाद्या प्राण्याला जाणूनबुजून पकडावे, दमवावे आणि मग जिवंत सोडून द्यावे, या कृतीला हिंसा म्हणावे की नाही, हा प्रश्न अहिंसेचा विचार करणाऱ्या कोणत्याही परंपरेला टाळता येत नाही. आणि उत्तर अमेरिकेतील सेंट लॉरेन्स नदीवर चालणाऱ्या मस्कीच्या मासेमारीत तो विशेष स्पष्टपणे समोर येतो. तेथील बहुतेक गळकरी मस्की खात नाहीत, विकत नाहीत आणि ती मरावी अशी त्यांची इच्छाही नसते. पोट, धंदा आणि वैर ही हिंसेची नेहमीची कारणे येथे बाजूला पडतात, आणि उरलेल्या कृतीचे नैतिक स्वरूप निव्वळ हेतूच्या आधारे तपासावे लागते.

मस्की हे मस्केलंज या माशाचे रूढ लघुनाम. पाइक कुळातील हा सर्वांत मोठा मासा असून तो अन्नसाखळीच्या टोकाचा भक्षक असल्यामुळे कोणत्याही पाण्यात त्याची संख्या थोडीच असते. मादी उशिरा वयात येते, दीर्घकाळ जगते, वसंत ऋतूत पाणवनस्पतींनी भरलेल्या उथळ पाण्यात अंडी विखुरते आणि त्यांची राखण न करता निघून जाते. ओंटारिओ सरोवरातून निघालेली सेंट लॉरेन्स जेथे न्यूयॉर्क राज्य आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत यांच्या सीमेवर थाउजंड आयलंड्स या बेटांमधून वाहते, तेथे हा मासा प्रामुख्याने ट्रोलिंगने, म्हणजे चालत्या बोटीमागून कृत्रिम आमिष ओढत नेऊन पकडतात. बोट ताशी सुमारे पाच ते आठ किलोमीटर वेगाने खोल पाण्याच्या कडेकडेने फिरते, रॉड बोटीला बसवलेल्या खोबणीत रोवलेले असतात, आणि माशाने झडप घालेपर्यंत माणसाला वाट पाहण्यापलीकडे फारसे काही करायचे नसते. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मस्की लागते, असे या माशाविषयी म्हटले जाते. अनेक दिवस रिकाम्या हाताने परतणे हा या छंदाचा नित्याचा भाग आहे.

पूर्वी पकडलेली मस्की मारून धक्क्यावर टांगण्याची रीत होती. ती मोडण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात गळकऱ्यांच्याच संघटनांना जाते. १९६६ मध्ये गिल हॅम यांनी मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे ‘मस्कीज इन्क.’ ही संस्था स्थापन केली आणि पकडलेला मासा परत पाण्यात सोडण्याचा आग्रह धरला. सेंट लॉरेन्सच्या रक्षणासाठी काम करणारी ‘सेव्ह द रिव्हर’ ही संस्था मोठी मस्की सोडून देणाऱ्याला चित्राची मुद्रित प्रत देऊन गौरवते. ५४ इंचांहून, म्हणजे सुमारे १३७ सेंटिमीटरहून लहान मस्की ठेवण्यास या नदीवर कायद्यानेच मनाई आहे. २००५ च्या सुमारास व्हीएचएस या विषाणुजन्य रोगाने येथील मोठ्या मस्की मोठ्या संख्येने मेल्या, तेव्हापासून अंडी घालणारी प्रत्येक मादी अधिकच मोलाची ठरली आहे. या माशाच्या जातीला सोडून देण्याच्या प्रथेमुळे जीवदान मिळते, हे मान्य केल्याशिवाय पुढचा विचार न्याय्य होणार नाही.

या प्रथेचे नैतिक विश्लेषण करण्यासाठी जैन आचारशास्त्राइतकी सूक्ष्म परिभाषा क्वचितच सापडते. तेथे गृहस्थाच्या संदर्भात हिंसेचे चार प्रकार मानले जातात : स्वयंपाकपाण्यासारख्या घरकामात घडणारी आरंभी, शेती किंवा व्यवसायात घडणारी उद्योगी, स्वतःच्या अथवा आश्रितांच्या रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी, आणि ठरवून केलेली संकल्पी. पहिल्या तीन प्रकारांबाबत गृहस्थाला काही सवलत आहे. संकल्पी हिंसा मात्र त्यानेही टाळलीच पाहिजे. मासा हा पंचेंद्रिय जीव गणला गेल्यामुळे त्याला दिलेल्या पीडेचा दोष अधिक गंभीर ठरतो. मस्कीची मासेमारी घरकामात बसत नाही, हौशी गळकऱ्याच्या बाबतीत ती उपजीविका नसते आणि माशापासून त्याला कसला धोकाही नसतो. म्हणून तिची गणना चौथ्या प्रकारातच करावी लागते.

यावर असा आक्षेप येईल की मासा मेला नाही, मग हिंसा कोठे झाली? उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येचा भर प्राणहानीइतकाच तिच्यामागील प्रमादावर, म्हणजे बेसावध किंवा विकारग्रस्त मनोवृत्तीवर आहे. पुढील परंपरेने मनात घडणारी भावहिंसा आणि प्रत्यक्ष देहाला इजा करणारी द्रव्यहिंसा असा भेद स्पष्ट केला. ट्रोलिंगमध्ये हा भेद विलक्षण ठळक होतो, कारण संकल्प पहाटे दोर सोडतानाच पूर्ण झालेला असतो आणि नंतरचे काम इंजिन, प्रवाह व माशाची भूक ही तिघे मिळून करतात. दिवसभरात एकही मासा लागला नाही तर द्रव्यहिंसा घडत नाही, पण पकडण्याची इच्छा तासन्‌तास जोपासली गेलेली असते. उलट मासा लागून काळजीपूर्वक सोडला गेला तर द्रव्यहिंसा कमी होते, संकल्प मात्र तसाच राहतो. सोडण्याची क्रिया कृतीच्या शेवटी येते आणि दोष तिच्या आरंभी असतो, म्हणून शेवट आरंभाला पुसू शकत नाही.

माशाला वेदना होतात का, हा प्रश्न विज्ञानात अजून वादाचा आहे. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रेनबो ट्राउट माशात इजेची संवेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले; जेम्स रोझ यांनी २००२ मध्ये मांडलेले मत असे होते की जाणिवेच्या वेदनेसाठी आवश्यक असलेला मेंदूचा बाह्यभाग माशाला नाही. स्वित्झर्लंडने या वादाच्या निकालाची वाट न पाहता केवळ सोडून देण्याच्या हेतूने मासा पकडण्यास कायद्याने बंदी घातली. ही सावध भूमिका जैन विचाराशी जुळणारी आहे, कारण शंका असेल तेथे इजा टाळावी, असाच दोहोंचा कल दिसतो.

पकडून सोडण्याच्या प्रथेवर वेगळ्या बाजूने आक्षेप अलास्काच्या नैर्ऋत्य भागातील युपिक लोकांनी घेतला आहे. मासा माणसाला अन्न म्हणून स्वतःला देतो, तेव्हा तो पकडून सोडणे म्हणजे अन्नाशी खेळणे होय, अशी त्यांची धारणा आहे. अहिंसेला मासा मारणे नको आणि युपिकांना ते कृतज्ञतेने केलेले हवे, तरी जीवाशी करमणुकीसाठी खेळू नये या मुद्द्यावर दोन्ही दृष्टी एकत्र येतात.

गळकऱ्यांचा सर्वांत सबळ बचाव हा की त्यांच्या ओढीमुळेच नदीची काळजी वाहिली जाते. तो खोटा नाही. पण गळाशिवायही मासा जपता येतो, हे रायगड जिल्ह्यातील वाळण कोंडासारखी ठिकाणे दाखवतात, जेथे देवतेच्या श्रद्धेपोटी महसीर माशांना कोणी हात लावत नाही. अर्थात एक डोह जपणे आणि दोन देशांची महानदी जपणे यांत फार अंतर आहे, आणि सेंट लॉरेन्सवर ते अंतर भरून काढण्यास गळकऱ्यांनी हातभार लावला आहे.

म्हणून मासा सोडण्याच्या कृतीला नेमके नाव दिले पाहिजे. ज्या पीडेचे निवारण करायचे ती आपणच दिलेली असल्यामुळे तिला दया म्हणता येत नाही. प्रायश्चित्तही म्हणता येत नाही, कारण प्रायश्चित्तात ती कृती पुन्हा न करण्याचा निश्चय असतो आणि गळकरी पुन्हा नदीवर जाणारच असतो. तिला यतना, म्हणजे इजा कमीत कमी व्हावी यासाठी घेतलेली दक्षता, म्हणणे योग्य ठरेल. गळाचा उलटा काटा चेपून टाकणे, माशाला पाण्याबाहेर कमीत कमी वेळ ठेवणे आणि पाणी तापलेल्या दिवसांत मासेमारीच थांबवणे ही सर्व यतनाच आहे, पण त्यांतील शेवटची गोष्ट वेगळ्या पातळीची आहे, कारण तिच्यात दोर पाण्यात जाण्यापूर्वीच संकल्प आवरला जातो. जैन गृहस्थाच्या व्रतांमध्ये अनर्थदंडविरती, म्हणजे निष्प्रयोजन पीडेपासून परावृत्त होणे, हे व्रत सांगितले आहे. ज्याने उन्हाळ्यात आपण होऊन गळ आवरला त्याने त्या व्रताच्या दिशेने पहिले पाऊल टाकले आहे, आणि गळकऱ्याची नैतिक प्रगती मोजायची तर सोडलेल्या माशांपेक्षा न टाकलेल्या गळांनी मोजणे अधिक न्याय्य ठरेल.