धाडस कशासाठी?



मुलींना वाढदिवसाला किंवा पहिल्या कम्युनियनला शूर स्त्रियांच्या सचित्र गोष्टींचे पुस्तक भेट मिळालेले आम्ही पाहतो, आणि आम्हाला आनंद वाटतो. राजपुत्राची वाट पाहत झोपून राहणाऱ्या मुलीच्या गोष्टी पुष्कळ झाल्या.

अशा पुस्तकांपैकी फार गाजलेले म्हणजे २०१६ साली निघालेले 'गुड नाइट स्टोरीज फॉर रिबेल गर्ल्स'. दोन इटालियन लेखिकांनी ते लोकवर्गणीतून काढले. १०० स्त्रियांच्या गोष्टी, आणि चित्रे ६० स्त्री-चित्रकारांची. त्यात इरेना सेंडलर आहेत. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सातील कोंडलेल्या ज्यू वस्तीतून त्यांनी व सहकाऱ्यांनी सुमारे २५०० मुले वाचवली. मुलांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून बरणीत घालून जमिनीत पुरली. १९४३ साली गेस्टापोने पकडून छळले, तरी त्यांनी तोंड उघडले नाही. त्याच पुस्तकात समुद्रावर लूटमार करणारी आयर्लंडची ग्रेस ओमॅलीही आहे. धाडसी दोघीही. मग फरक कोणता?

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की, न्याय व विवेक सोबत नसतील तर धैर्य हा सद्गुणच नव्हे. आणि धैर्याचे मुख्य काम चाल करून जाणे नसून टिकून राहणे आहे. वर्गात हा विचार कोरडा वाटतो. इरेनाबाईंचे मौन आठवले की तो कळतो. नुसती जिद्द लुटारूपाशीही असते, बहुधा आपल्यापेक्षा जास्तच!

अधिक अवघड पान आँग सान सू ची यांचे. १९८९ ते २०१० या काळात एकूण सुमारे १५ वर्षे नजरकैद, १९९१ चे नोबेल शांतता पारितोषिक. पुढे त्या सत्तेत असताना २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना म्यानमार सोडून पळावे लागले. लष्कर त्यांच्या हाती नव्हते, हे मान्य. पण शब्द तर हाती होता. २०१९ साली हेगच्या न्यायालयात उभे राहून त्यांनी वंशसंहाराचा आरोप नाकारला. ते पान काढून टाका, असे काही पालकांनी म्हटले. लेखिकांनीही तसा विचार करू म्हटले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने त्यांना पुन्हा अटक केली.

ख्रिस्तसभा जिवंत माणसाला संत म्हणत नाही. मृत्यूनंतरही साधारण पाच वर्षे थांबते, मगच चौकशी सुरू होते. मदर तेरेसांना ह्या थांबण्यात सूट मिळाली, तीही मरणानंतरच. पुस्तकवाल्यांना इतका धीर कुठून असणार?

तरी ते पान फाडू नये, असे आमचे मत आहे. ती १५ वर्षे खोटी नव्हती. मात्र मुलीला झोपवताना ते पान निघाले, तर उरलेली गोष्टही आईबाबांनी सांगावी. 'मग ती चांगली की वाईट?' असे ती विचारीलच. तेव्हा दिवा मालवण्याची घाई करू नये.