सगळा दोष नुबलचा

आमच्या परभणीत दरवर्षी २ फेब्रुवारीला तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस सुरू होतो. आमच्या गल्लीतली बाहेरगावी गेलेली पोरं तेव्हा हटकून येतात. पाळण्यात बसतात, 'मौत का कुआँ' बघतात, आईच्या हातचं खातात आणि तिसऱ्या दिवशी गाडी पकडतात. शेजारच्या काकू जानेवारीतच गाद्या उन्हात घालायच्या. ज्या वर्षी कुणी आलं नाही, त्या वर्षी त्या गाद्या गुपचूप घरात जायच्या. वाट बघणं म्हणजे काय, हे मी असं लहानपणीच बघितलंय.

तरीही मी एका बाईंना वाट बघायला लावली.

२०१६ ते २०१९ मी जर्मनीत, कोलोनला शिकत होतो. सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली होती. तिकडे दारावरच्या घंटीशेजारी राहणाऱ्यांची नावं असतात. बाईंनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावाखाली माझं नाव चिकटवलं. मला ताप आला की त्या जिना चढून सूप आणून द्यायच्या. व्हिडिओ कॉलवर माझ्या आईशी दहा-दहा मिनिटं बोलायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्यांचं काही अडलं नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "कार्निव्हलला ये."

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की."

मग कोविड आला, नोकरी आली, वडिलांचं आजारपण आलं. बाईंची दोन पत्रं आली, हातानं लिहिलेली. उत्तर नीट, सविस्तर लिहायचं म्हणून मी ती जपून ठेवली. फक्त जपूनच ठेवली.

२०२४च्या फेब्रुवारीत कंपनीच्या कामानं जर्मनीला जाणं झालं. १२ तारखेला कोलोनची मोठी मिरवणूक होती. रथांवरून चॉकलेटं उधळली जात होती. जोकर, वाघ, चेटकिणी झालेली माणसं ती झेलत होती. मी जुन्या घरापाशी गेलो. घंटीवर भलतंच नाव होतं. खालच्या बारच्या मालकानं मला ओळखलं. बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. "तुझं नाव त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही," तो म्हणाला. "पोस्टमन विचारायचा, हा अजून राहतो का इथे?"

दुसऱ्या रात्री त्याच बारसमोर नुबल जाळला. नुबल म्हणजे पेंढा भरलेला माणूस. कार्निव्हलचे दिवस तो बारच्या दारावर टांगलेला असतो. शेवटच्या रात्री त्याच्यावर खटला चालतो. पैसे कुणी उडवले? नुबलनं! बायकोशी खोटं कोण बोललं? नुबल! मग त्याला पेटवतात आणि सगळे हलके होतात. आमच्याकडे नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबत निघते, तीही गावाची इडापिडा घेऊन जाते. मला हे नवीन नव्हतं. मीही गर्दीत ओरडलो. पत्राला उत्तर कुणी दिलं नाही? नुबलनं.

आग विझल्यावरही मला हलकं वाटेना.

तसा हा खेळ प्रामाणिक आहे. पेंढ्याचा माणूस निर्दोष आहे, हे ओरडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. शिवाय दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार येतो. श्रद्धाळू माणसं चर्चमध्ये जाऊन कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतात. ती राख नुबलची नसते, पण रात्री दुसऱ्यावर ढकललेलं सकाळी स्वतःच्या कपाळावर येतं, असं मला वाटलं.

आपल्या रोजच्या नुबलचं तसं नसतं. त्याचं नाव 'परिस्थिती', नाहीतर 'वेळच मिळाला नाही'. तो वर्षभर दारावर टांगलेला असतो आणि तो पेंढ्याचा आहे, हे आपण स्वतःलाही सांगत नाही. कोविड खरा होता, वडिलांचं आजारपणही खरं होतं. पण चार ओळी लिहायला लागणारी दहा मिनिटं त्या दोघांनी नेली नव्हती.

आमच्याकडे म्हण आहे, 'बनी तो बनी, नही तो परभणी.' बाहेर जमलं तर जमलं, नाहीतर आपली परभणी आहेच. जाणाऱ्याला या म्हणीचा मोठा आधार वाटतो. पण तिच्यात परभणीला कुणी काही विचारलेलं नाही. मी कोलोनलाही दुसरी परभणी समजलो होतो. आपण कधीही जावं आणि तिनं दार उघडावं. भाडं मी शेवटच्या महिन्यापर्यंत चुकतं केलं होतं, म्हणून मला वाटलं की हिशोब संपला.

परभणीत पोचलो तेव्हा उरुसाचे पाळणे खोलायला सुरुवात झाली होती. आईच्या हातात मिरवणुकीतली चॉकलेटं ठेवली आणि बाई गेल्याचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एक फोन करायला काय झालतं रे तुला?"

"आई, वेळच..." मी सुरुवात केली आणि थांबलो.

"नाही केला," मी म्हणालो.